सरूबाईचं मुखपृष्ठ

आमच्या घरात रिकामी जागा कुणाला बघवत नसे. भिंतीला खिळा दिसला की त्याला सूप अडकवलं जाई, कोनाडा दिसला की त्यात बरणी बसे, आणि ताटात भाकरी आणि ठेच्याच्या मध्ये चार बोटं जागा उरली की आई तिथे अंबाडीची भाजी वाढी. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, तर हा धंदाच होता. वारंगा फाट्यावर, जिथे नांदेडच्या आणि हिंगोलीच्या गाड्या थांबतात, तिथे त्यांचं फ्लेक्स बॅनर छापायचं दुकान होतं. दिवसभर मशीनचं हेड इकडून तिकडे सरकत राही आणि पुढून इंचाइंचाने कुणाचं तरी कपाळ, मग डोळे, मग मिशा बाहेर येत. त्या शाईचा उग्र वास अण्णांच्या शर्टाला असा बसला होता की ते गल्लीच्या तोंडाशी आले तरी आई चहाचं आधण ठेवी.

बॅनर म्हणजे काय, हे मी अक्षरओळखीच्या आधी शिकले. मधोमध ज्याचा वाढदिवस किंवा निवड असेल तो माणूस, वरच्या पट्टीत पुढारी, आणि खाली शुभेच्छुकांचे गोल चेहरे, एकेका बॅनरवर चाळीस-चाळीस. कुणाचा चेहरा वाटीएवढा आणि कुणाचा सुपारीएवढा, यावरून दुकानात लोक हमरीतुमरीवर येत. जयंतीच्या हंगामात तर अण्णा जेवायलाही घरी येत नसत. एवढं करून कोपरा उरलाच, तर त्यात ते मोर घालत, नाहीतर कमळ, नाहीतर सूर्याची किरणं. "कोपरा मोकळा दिसला की गिऱ्हाईक इचारतं," ते म्हणत, "इथं माझा मेहुणा काहून न्हाई बसवला?" एकाच प्रकारच्या बॅनरवर ते काही घालत नसत. गावात कुणी गेलं की पांढऱ्या जागेवर त्या माणसाचा एकट्याचा फोटो, खाली नाव, बस. त्या बॅनरवरून दुकानात कधी भांडण झालं नाही.

हे सगळं मी शेकडो वेळा बघितलेलं होतं, आणि तरीही पुढे जे झालं ते माझ्याच हातून झालं. कसं झालं, हे मला लोक अजून विचारतात. खरं सांगायचं तर नांदेडला डिझाइनच्या कॉलेजात गेल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे अण्णांचं दुकान डोक्यातून पुसून टाकलं. वडील काय करतात असं कुणी विचारलं की मी 'छपाईचा व्यवसाय' म्हणायची. मोर आणि किरणांची मला लाज वाटे. आज ते लिहितानाही कान गरम होतात, पण लिहायला बसलेय तर लिहिलंच पाहिजे.

घरात मला वाढवलं ते मोठ्या मायने. मोठी माय म्हणजे अण्णांची थोरली वहिनी, सरूबाई. मोठे काका मी तीन वर्षांची असताना गेले. तेव्हापासून शेत तिचं, चूल आईची आणि मी दोघींची. आमच्या भागात उन्हाळा तोंडाशी आला की शेताशेतांत हळद शिजते. जमिनीत खणलेल्या चुलाणावर भली मोठी कढई, तिच्यात ओल्या हळदीचे गड्डे, वर पाला आणि ओलं गोणपाट. आता वाफेची यंत्रं आली आहेत, तेव्हा आमच्याकडे कढईच होती. हळद शिजली का हे बघायला बाकीचे काडी टोचून बघत. मोठी माय नुसती वाफेत उभी राही, नाकाने एकदा ओढून घेई आणि म्हणे, "आजून न्हाई. दोन लाकडं घाल." तिचं कधी चुकलं नाही. दुपारी त्याच निखाऱ्यांत वांगी भाजली जात आणि आम्ही तिथेच बांधावर बसून भरीत-भाकरी खात असू. त्या भरिताला हळदीच्या वाफेचा एक कडवट मातकट वास लागे. पुढे मी पुष्कळ ठिकाणी पुष्कळ प्रकारचं भरीत खाल्लं, तो वास नाही मिळाला. आणि तिचे हात. माघापासून चैत्रापर्यंत तिचे हात मनगटाच्या वरपर्यंत पिवळे असत. साबणाने जात नसत, राखेने जात नसत. पाडव्याला ती नवं लुगडं नेसे तेव्हाही त्यातून ते पिवळे हातच आधी दिसत.

तिला एकच लेक, शिलाक्का, सेनगावात दिलेली. शिलाक्काचं आधी दोनदा पोट पडलं होतं. या खेपेला सातवा महिना लागला होता आणि डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं की धावपळ नको, गाडीचे धक्के नकोत आणि मनाला कसला घोर नको. मोठी माय रोज संध्याकाळी माझ्या आईला नंबर लावायला लावी आणि फोनवर एवढंच विचारी, "हलून राहिलं का?" पलीकडून 'व्हय' आलं की फोन आईच्या हातात देऊन निघून जाई.

शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला आम्हाला एक मासिक करायचं होतं. विषय आपला, छायाचित्रं आपली, मांडणी आपली. मी विषय घेतला हळद. पहिला खर्डा नेला तेव्हा आमचे सर पानं उलटत गेले आणि शेवटी चष्मा काढून म्हणाले, "चांगलं आहे. आता काढा." काय काढू, असं मी विचारलं. "जे नसलं तरी चालतं, ते सगळं." मी किनारी काढल्या. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा म्हणाले, काढा. मी मथळ्यांचे रंग काढले, फोटोंच्या चौकटी काढल्या. एका पानावर चार फोटो होते तिथे एक ठेवला. मराठी अक्षराला वर वेलांट्या आणि खाली उकार असतात, ओळी जवळ आणल्या की ते एकमेकांत शिंगं घालतात. मग मी ओळींमधलं अंतर वाढवलं, समास वाढवले आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की पान श्वास घेतंय. खोटं सांगत नाही, मला रडू आलं. आमच्या घरात, आमच्या दुकानात, आमच्या फाट्यावर कुठेच नव्हती तेवढी मोकळी जागा मी माझ्या हाताने केली होती.

मुखपृष्ठासाठी मी मोठ्या मायचा फोटो काढला. सकाळची वेळ, ती कढईपाशी उभी, हातात नुकते काढलेले गड्डे, मागे वाफ. "हस म्हनू नको," तिने आधीच सांगितलं. फोटो फार सुंदर आला. मग मी काढत गेले. कढई काढली, वाफ काढली. रंग काढून काळा-पांढरा केला. हात फार लक्ष वेधून घेत होते, म्हणून छातीपाशी फोटो कापला. राहिला नुसता चेहरा, सरळ बघणारा. तो पानाच्या मधोमध ठेवला, खाली बारीक अक्षरात 'सरूबाई', आणि अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात मासिकाचं नाव, 'हळद'. सर ते बघून म्हणाले, "आता झालं." तीन वर्षांत त्यांनी मला ते शब्द पहिल्यांदा दिले होते.

परीक्षेला मुखपृष्ठ माणसाच्या उंचीएवढं छापून भिंतीवर लावायचं होतं. दोन दिवस उरले होते. मी सकाळच्या गाडीने फाट्यावर उतरले. अण्णा कळमनुरीला बॅनर पोचवायला गेले होते आणि मशीनवर रफीकचाचा होते, अण्णांचे जुने दोस्त. चाचांनी फाइल उघडली आणि खुर्चीत मागे रेलले. "इत्ता खाली काहे को छोड़े, बेटा?" ते म्हणाले. "अच्छा नई दिखता. दो फूल तो डालो." मी म्हटलं, चाचा, तुम्ही छापा, हे तुम्हाला नाही कळायचं. हे वाक्य मी माझ्या बापाच्या वयाच्या माणसाला बोलले. त्यांनी छापलं. छापून झाल्यावर म्हणाले, शाई वाळेपर्यंत आत, मागच्या खोलीत टांग. मी ऐकलं नाही. मला ते लोकांना दाखवायचं होतं. मी ते दुकानाच्या बाहेर, रस्त्याच्या बाजूच्या बांबूला टांगलं आणि आत बसून मासिकाची पानं जुळवत राहिले.

आतून मला रस्ता दिसत होता. लोक थांबत होते. रसवंतीवाला गिऱ्हाईक सोडून आला, बघून गेला. दोन म्हातारे आले, त्यांतल्या एकाने टोपी काढली. एक बाई डोक्यावरची पाटी उतरवून उभी राहिली आणि पदराने तोंड पुसून निघून गेली. सेनगावकडचा एक जीपवाला, जो मोठ्या मायला लेकीकडे नेऊन सोडायचा, त्याने जीप बाजूला घेऊन मोबाइलमध्ये फोटो काढला. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. आणि मी, शहाणी, आत बसून मनात म्हणत होते की चांगली मांडणी असली की वारंग्याच्या लोकांनाही कळतंच की. अभिमानाने माझा ऊर नुसता फुगला होता. दोनेक तासांनी पाणी प्यायला बाहेर आले तर फोटोच्या वरच्या दोन्ही टोकांना झेंडूचा हार बांधलेला.

मी हाराकडे बघत असतानाच अण्णांची गाडी रस्त्याच्या पलीकडे थांबली. दुकानाचा छोटा हत्ती टेम्पो होता, चौकटी वाहायचा. अण्णा दार उघडून उतरले, त्यांनी फोटो बघितला, आणि रस्त्याच्या मधोमध त्यांचे पाय थांबले. मागून ट्रकवाला हॉर्न देत होता. त्यांचं तोंड मी तसं कधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही. ते मला ओलांडून फोटोपाशी गेले, नावाला हात लावला, आणि लहान मुलासारखे म्हणाले, "सकाळी तर माझ्यासंगं च्या पिली वहिनी."

"अण्णा, ती आहे," मी म्हटलं. "शेतात आहे. हे माझं मुखपृष्ठ आहे." त्यांना दोनदा सांगावं लागलं. मग ते माझ्याकडे वळले. मला वाटलं मारतील. त्यांनी एवढंच विचारलं, "किती येळ झाला हे बाहेर लावून?" तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पाठोपाठ आईचा फोन चाचांच्या मोबाइलवर आला, की गावातून बाया रडत घरी येऊन राहिल्यात, हे काय चाललंय. अण्णांनी हार तोडला, फ्लेक्स ओढून आत फेकलं आणि एकदम थांबून म्हणाले, "सेनगावची जीप आली व्हती का?"

मी मान हलवली. 

शिलाक्काचा फोन बंद. भाऊजींचा वाजत होता, पण शेतात पाण्याची मोटार चालू असली की त्यांना ऐकू येत नसे. आणि आमचे फोन मोकळे राहतील तर शपथ. लावायला घेतला की मध्येच कुणाचा तरी येई, कधी झालं, माती किती वाजता आहे, आम्ही निघालो. एकाला खरं सांगून ठेवेपर्यंत दुसरा. चाचा म्हणाले, "फोन छोड़ो. तुम निकलो. इधर जो आएगा, मैं बोलता." अण्णा स्टेअरिंगवर बसले होते. "आपून जाऊन काय सांगनार?" ते म्हणाले. "वहिनीच नेतो. तिला तिची माय डोळ्यांनी दिसली पायजे."

मोठी माय खळ्यावर शिजलेली हळद पसरत होती. अण्णांनी गाडी थेट हळदीपर्यंत आणली, तशी ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"वहिनी, बसा गाडीत. शिलीकडं जायचं हाय."

"शिलीला काय झालं?"

"काय न्हाई झालं. बसा तुमी."

"मंग हात तरी धुते."

"हात राहू द्या," अण्णा म्हणाले.

त्या गाडीत पुढे तिघांना जेमतेम जागा होती. मोठी माय मध्ये, तिचे पिवळे हात मांडीवर उताणे ठेवलेले, लुगडं खराब होऊ नये म्हणून. कळमनुरी येईपर्यंत ती एकदा अण्णांकडे बघे, एकदा माझ्याकडे. शेवटी तिने माझी हनुवटी धरून तोंड वळवलं. "वर्षे, तू सांग. ह्यो न्हाई सांगायचा."

मी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी म्या मेले, असं लिहिलं व्हतं?"

"नाही गं. काहीच लिहिलं नव्हतं. नुसतं तुझं नाव."

"काहीच न्हाई?"

"नाही."

"मंग बराबर हाय लोकांचं," ती म्हणाली, आणि पुढे फक्त एकदाच बोलली, "शिलीला कळलं आसंल का?"

अण्णा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "कळलं आसंल तर ती निघाली आसंल. समोरून येनारी हरेक गाडी बघा." आणि मग ते काम माझ्याकडे आलं. समोरून येणाऱ्या प्रत्येक जीपमध्ये, प्रत्येक एसटीच्या खिडक्यांमध्ये मी शिलाक्काचा चेहरा शोधत होते. अण्णा प्रत्येक वेळी गाडी हळू करत आणि मी 'नाही' म्हटलं की पुन्हा दाबत. चुकून एखादी सुटली तर ती आपल्या बाजूने निघून जाईल, गावात पोचेल, अंगणात बाया बसलेल्या बघेल. खड्ड्यात चाक गेलं की मला वाटे, हाच खड्डा तिच्या जीपलाही लागला असेल. देवाधर्माची मी फारशी नव्हते, पण त्या रस्त्यावर मी जे जे आठवलं ते सगळं नवसाला बोलले. परीक्षा नको, मासिक नको, फक्त ते पोर राहू दे.

हिंगोलीत रेल्वेचं फाटक लागलं. आमच्या पुढे बैलगाडी आणि दोन ट्रक. मालगाडी येत होती. अण्णांनी डोकं स्टेअरिंगला टेकलं. मी दार उघडून बाहेर लोंबकळून पलीकडे बघत होते, आणि डबे सुरू व्हायच्या आधी मला पलीकडच्या रांगेत ती जीप दिसली. पुढच्या सीटवर शिलाक्का, पदर तोंडात कोंबलेला, शेजारची एक म्हातारी तिला धरून. मी ओरडले. मालगाडी मध्ये आली. तिला डबे तरी किती असावेत. दोन डब्यांच्या फटीतून ती जीप दिसे आणि जाई, दिसे आणि जाई. मी वळून बघितलं तर मोठी माय गाडीतून उतरून ट्रकांच्या बाजूने चालत पार फाटकाच्या दांडीला जाऊन उभी होती.

शेवटचा डबा गेला तेव्हा दांडी उचलायच्या आधी ती तिच्याखालून वाकून पलीकडे निघाली. फाटकवाला शिट्टी मारत होता. रुळांवर ती एकटी, उन्हात, दोन्ही हात वर केलेले, पिवळेजर्द. शिलाक्काने आधी हातच ओळखले असं ती पुढे म्हणाली. ती जीपमधून उतरली, दोन पावलं आली आणि रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसली. मोठ्या मायने तिचं तोंड हातांत धरलं. "हाय गं. म्या हाय. हाय," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.  मग शिलाक्काने पोट धरलं आणि तिचा चेहरा आवळला.

त्या दुपारचे पुढचे तीन तास मी दवाखान्याच्या बाकावर काढले. जवळच एक दवाखाना होता, तिथे तिला आत नेलं. शिलाक्काच्या गालांवर पाच-पाच बोटं पिवळी उमटली होती; नर्स म्हणाली, हळदीच्या कार्यक्रमातून आणलं का हिला.  मोठी माय माझ्या शेजारी बसली होती आणि ती जिथे जिथे हात ठेवी तिथे, बाकावर, भिंतीवर, दाराच्या मुठीवर, पिवळं लागत होतं. अण्णा बाहेर येरझारा घालत होते. मला कुणी एक शब्द रागाने बोललं नाही आणि ते मला सोसवत नव्हतं. आतून काही आवाज आला की मी उठून बंद दारापाशी जाई. आज माझ्या विद्यार्थिनी पान लावताना 'ताई, अजून थोडी जागा सोडू का' असं विचारतात तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ते बंद दार येतं, आणि मी त्यांना विचारते, हे पान कोण बघणार आहे ते आधी सांगा.

दार उघडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठोके चांगले आहेत, कळा थांबल्या आहेत, दोन दिवस इथेच राहू दे. मोठ्या मायने विचारलं, "हलून राहिलं का?" बाई हसल्या आणि म्हणाल्या, खूप. तेव्हा मोठी माय पहिल्यांदा रडली, तेही फार थोडं, आणि डोळे पुसल्यामुळे तिच्या डोळ्यांखाली पिवळे पट्टे आले.

आम्ही आत गेलो तेव्हा शिलाक्का भिंतीकडे तोंड करून निजली होती. मी तिच्या पायांना हात लावला. तिने पाय ओढून घेतले. "एवढी मोठी जागा व्हती तुझ्यापाशी," ती भिंतीकडेच बघत म्हणाली. "एक शब्द टाकता आला न्हाई व्हय?"  आजही मी ते वाक्य विसरलेले नाही.

जीपवाला बिचारा दवाखान्यातच थांबला होता, अपराध्यासारखा. मोठी माय त्याला म्हणाली, "दाव बरं तो फोटू. म्या बघितलाच न्हाई." त्याने घाबरत मोबाइल पुढे केला. तिने तो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. मी म्हटलं, मोठी माय, मी तो जाळून टाकते, परीक्षेला दुसरं काहीतरी देते, रंगीत, भरलेलं. ती फोटोकडेच बघत होती.

"माझे हात कुठं गेले?"

"कापले."

"काहून?"

"सर म्हणाले, जे नसलं तरी चालतं ते काढायचं."

"हातावाचून कसं चालंल?" तिने मोबाइल परत दिला. "हळद काय तोंडानं शिजवते काय म्या?"

अण्णा दारात उभे होते. ते हसले, आणि हसता हसता त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. मोठी माय हसली नाही. "जाळू नको," ती मला म्हणाली. "एवढी बॅनरं छापली ह्यानं, बाईमानसाचा एकलीचा फोटू कवा लावला का? लावला तर मेल्यावर. म्या जित्तेपनी बघितला, बरं झालं. हात लाव फकस्त. बाकी राहू दे मोकळं."

दुसऱ्या दिवशी मी आणि रफीकचाचांनी ते पुन्हा छापलं. आधी मी त्यांची माफी मागितली, ते म्हणाले, "मशीन गरम है, पैले काम." चेहरा तसाच काळा-पांढरा, आजूबाजूची जागा तेवढीच मोकळी, पण आता फोटो कमरेपर्यंत होता आणि दोन्ही हातांत गड्डे, आणि फक्त हात पिवळे. परीक्षेत सर त्याच्यापुढे उभे राहिले. "हे हात काढून बघितलेत का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "काढले होते, सर. एकदा." 

शिलाक्काला मुलगी झाली. पुरत्या दिवसांची, ओरडून दवाखाना डोक्यावर घेणारी. शिलाक्का माझ्याशी बोलायला लागायला मात्र बारसं उलटावं लागलं. ते मुखपृष्ठ अण्णांनी दुकानात, दर्शनी भिंतीवर लावलं, आत जिथे मोर-कमळांचे नमुने होते ते काढून. मोठी माय बाजाराला आली की त्याच्याखाली बसून चहा पिई आणि गिऱ्हाइकांना सांगे, "म्या हाय बरं का." फाट्यावर हा एक विनोदच झाला. जीपवाले जाता-येता हात करून विचारत, "सरूबाई, हायती का?" आणि आतून अण्णा ओरडत, "हायती, हायती."

मोठी माय गेली तेव्हा मी पुण्यात होते. हळद पसरता पसरता खळ्यावरच बसली आणि गेली. मी पोचले तोपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, बॅनर तू कर. मी दुकानात कॉम्प्युटरपुढे बसले. पांढरी जागा, मधोमध तिचा चेहरा, खाली नाव. तेवढं लावलं आणि माझा हात पुढे जाईना. अण्णा मागे उभे राहून बघत होते. "हे लावलं तर लोक म्हन्तील, वर्षानं केलेलं पुस्तक हाय, सरूबाई हाय," ते म्हणाले. "कुनाला खरं वाटायचं न्हाई." मग त्यांनी मला उठवलं आणि स्वतः बसले. उभ्या जन्मात त्यांनी गेलेल्या माणसाच्या बॅनरवर एक फूल घातलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी चारही कडांना किनार ओढली, वर तिचं पूर्ण नाव मोठ्या अक्षरात घातलं, आणि खाली शोकाकुल म्हणून आम्हा सगळ्यांचे चेहरे बसवत गेले. आई, मी, शिलाक्का, भाऊजी, रफीकचाचा, खळ्यावरच्या बाया, तो जीपवाला, शिलाक्काची मुलगी. कोपरा उरला तिथे त्यांनी मोर घातला. बोटभर जागा मोकळी राहिली नाही. "बघ," ते म्हणाले, "काय काढायचं का?"

मी बघितलं. त्यातलं मी काही काढलं नाही.